उंची विकता, मग शाफ्टचाही हिशेब द्या

गाडी चार इंच उचलून देणाऱ्या गॅरेजांना एक सरळ प्रश्न आहे. प्रोपेलर शाफ्टचं काय केलंत? स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, जाडजूड टायर, सगळ्यांची नोंद बिलात असते. शाफ्टच्या नावाने ओळसुद्धा नसते, आणि नवीन उंचीचा भार तर त्यालाच सोसायचा असतो.

सुट्टीच्या दिवशी तळेऱ्याला महामार्ग सोडून विजयदुर्गकडे वळणाऱ्या गाड्या पाहा. थार, जिप्सी, जिमनी. त्यातल्या कित्येक उचललेल्या. पडेल, गिर्ये करत डांबरी रस्ता थेट किल्ल्यापाशी येतो. या रस्त्याला चार इंच जास्तीची उंची कुठेही लागत नाही. तरी ज्याला हवी त्याने घ्यावी. पैसा त्याचा, हौस त्याची. पण अर्धं काम करून पूर्ण पैसे घेणं ही फसवणूक आहे, आणि ती उघड बोलायला हवी.

गाडीखाली काय होतं ते पाहू. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस चासीला बांधलेले असतात. मागच्या ॲक्सलचं हाउसिंग चाकांबरोबर खाली असतं. गाडी उचलली की चासी वर जाते, हाउसिंग तिथेच राहतं आणि दोघांना जोडणारा शाफ्ट तिरका होतो. शाफ्ट ५० सेंटिमीटरचा असेल आणि गाडी १० सेंटिमीटर उचलली, तर त्याचा कल साधारण ११ अंशांनी वाढतो. म्हणून आखूड जीपला लिफ्ट जास्त जाचते. लांब गाडीचा शाफ्ट लांब, त्यामुळे तेवढ्याच उंचीला त्याचा कल कमी वाढतो.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो. चार दांड्या, चार टोप्या आणि टोप्यांत सुईसारखे बारीक रोलर. हा सांधा कोनात फिरला की पुढची गती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेरीत ती दोनदा वाढते, दोनदा घटते. १० अंशांच्या कोनात हा चढउतार दीड टक्का वर, दीड टक्का खाली असतो. २० अंशांत तो सहा टक्क्यांवर जातो. कोन दुप्पट, हिसका चौपट. पहिल्या क्रॉसचा हा हिसका दुसरा क्रॉस पुसून टाकतो, पण दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तरच. लिफ्टनंतर हाउसिंग थोडं जरी फिरलं, तरी ही बरोबरी मोडते. मग ठरावीक वेगाला बुडाखाली थरथर सुरू होते आणि मालक चाकांचं बॅलन्सिंग करत फिरतो.

कोन सारखे राहिले तरी सुटका नाही. मोठ्या कोनात सुयांवरचा भार वाढतो, आणि शाफ्टची मधली नळी वेगवान-मंद होतच राहते. शाफ्टचा सरकता सांधा बाहेर ओढला जातो, त्यामुळे एकमेकांत अडकलेले दाते कमी उरतात. त्यात मोठा टायर आणि लो रेंज. विलिस घराण्यातल्या जुन्या जीपांत लो रेंज म्हणजे साधारण अडीचपट जोर. तो सगळा त्या चार टोप्यांतून जातो.

ज्यांचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, त्या गाड्यांत हाच ताण चाकाकडे जाणाऱ्या हाफ शाफ्टवर येतो. सांध्यावरचं रबरी बूट सतत दुमडून घासतं आणि एक दिवस फाटतं. कोकणातली तांबडी धूळ आत गेली की ग्रीसचं काम उलटं होतं. जे झीज थांबवायचं तेच सांधा घासू लागतं.

आता आपल्या हवेचा विचार करा. चार महिने पाऊस, बाराही महिने खारं वारं. शिवाय ओहोटीला पुळणीवर गाडी घालून फोटो काढायचा हट्ट. खारं पाणी टोपीच्या सीलमधून आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि सुया गंजतात. टोपीच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, की तो क्रॉस कोरडा पडलाय हे समजा. गिअर टाकताना मागून टणकन आवाज, हळू चालवताना चिरचिर, या पुढच्या सूचना. त्या ऐकूनही जो गाडी घाटात घालतो, तो इतरांचा जीव धोक्यात घालतो.

हे शब्द मी जपूनच वापरतोय. कोल्हापूरहून येणारा करूळचा घाट उतरताना मागचा शाफ्ट तुटला तर मागच्या चाकांना मिळणारा इंजिनाचा अटकाव त्या क्षणी जातो. विलिसच्या जुन्या जीपांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशीच असे. तिथे शाफ्ट तुटला की हँडब्रेकही चाकांना धरत नाही. आणि पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं, तर गाडी उलटूही शकते. मागून एसटी येत असते, पुढे दुचाकीवर कुटुंब असतं. त्यांनी कुठलीच लिफ्ट विकत घेतलेली नसते.

ही केवळ हौशी मंडळींची गोष्ट नाही. हापूसच्या हंगामात कातळावरच्या बागेतून क्रेट खाली आणायला आपले बागायतदार जुन्या जीपला, पिकअपला मागच्या स्प्रिंगमध्ये एक पाटा वाढवतात. गरज खरी आहे. पण रिकामी गाडी मागून उभी राहते, भरली की बसते, आणि शाफ्ट दिवसभर दोन वेगवेगळ्या कोनांत काम करतो. त्या माणसाला कोणी सांगतच नाही, की पाट्याबरोबर कोनही बघायचा असतो. त्याचा क्रॉस ऐन हंगामात जातो आणि आंबा बागेतच अडकतो.

उपाय अवघड नाहीत. पाटे आणि हाउसिंग यांच्यामध्ये योग्य मापाची पाचर घालून हाउसिंगचं तोंड जुळवता येतं. ट्रान्स्फर केस थोडी खाली घेता येते. लेथवाल्याकडून शाफ्ट लांब करून बॅलन्स करून घेता येतो. कोन फारच वाढला, तर दुहेरी क्रॉसचा शाफ्ट बसवता येतो. मात्र तेव्हा हाउसिंगचं तोंड शाफ्टच्या रेषेत वळवावं लागतं. पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा आणि चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं ग्रीस मारा. डांबरी रस्त्यावर आलात की फोर व्हील काढा. मधला डिफरेन्शियल नसलेल्या गाडीत वळणावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पिळतात, तोही भार क्रॉसवरच येतो.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, की कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हेही लिफ्ट विकताना सांगितलं जात नाही.

विजयदुर्गच्या माणसाला हा धडा नवा नसावा. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं खाडीत शिरू शकत, कारण त्यांची बांधणीच उथळ पाण्याचा विचार करून झालेली होती. डोलकाठी उंच करायची तर बूडही त्या मापाचं हवं, हे जहाज बांधणाऱ्याला कळतं. गाडी बांधणाऱ्यालाही कळलं पाहिजे.

म्हणून मागणी एवढीच. लिफ्ट बसवणाऱ्या प्रत्येक गॅरेजने बिलावर दोन आकडे लिहून द्यावेत: शाफ्टच्या पुढच्या टोकाचा कोन आणि मागच्या टोकाचा कोन. मोजायला दहा मिनिटं लागतात. जो ते लिहून देत नाही, त्याला पैसे देऊ नका.