शिंगवाले आजोबा

मुलीकडे तीन महिने राहायला नॉर्थम्बरलँडला गेलो, तेव्हा शेजारच्या आजोबांनी (नात म्हणते म्हणून मीही आजोबाच म्हणतो) माझं नाव विचारायच्या आधी मला मनगटापासून जमिनीपर्यंत मोजलं. टेप खिशातच होती. "चौतीस इंच," म्हणाले, आणि मग हात पुढे केला.

आजोबा काठ्या करतात. दांडा हेझलचा, मूठ मेंढ्याच्या शिंगाची. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांची ही जुनी विद्या. तिथल्या काठीवाल्यांची 1951 पासून रीतसर संस्थासुद्धा आहे. शिंगं मोडून वासरांत शिरायच्या वयात हा माणूस शिंगं तापवत बसतो, आणि तेही गॅरेजमध्ये, कारण आजींनी स्वयंपाकघरातून हाकललंय. शिंग म्हणजे आपल्या केसा-नखांचाच ऐवज. जरा जास्त तापलं की केस जळल्याचा वास सुटतो. तो आला की आजी एक शब्द न बोलता घरातल्या खिडक्या लावून घेतात. खिडक्यांच्या आवाजावरून आजोबांना आच कमी करायचं कळतं.

घाई हा शब्द त्यांच्या कोशात नाही. आतला हाडाचा गाभा काढला की शिंग वर्षभर तसंच ठेवायचं. हेझल हिवाळ्यात तोडायचं, झाडातला रस उतरल्यावर, आणि तेही वर्षभर वाळवायचं. एकदा मला मदतीला घेतलं. तापलेलं शिंग साच्यात बसवून व्हाइसमध्ये धरलं होतं. पोकळ भाग दाबून भरीव करायचा, पीळ मोडायचा, मग वाकवायचं. आजोबा पाव फेरा आवळायचे, थांबायचे, पुन्हा पाव फेरा. तेवढ्यात माझ्याकडे वळून "थांबा!" म्हणाले. मी तर श्वाससुद्धा घेत नव्हतो.

पुढे कानस, मग पॉलिश पेपर, खरखरीत ते पार मऊ. मेंढीचा पाय अडकवायच्या काठीचं तोंड किती असावं? जुन्या पेनीएवढं. ती पेनी 1971 मध्येच चलनातून गेली, पण आजोबांची अजून गॅरेजमध्ये नोकरीला आहे.

एवढं करून काठी टेकतं कोण? कोणीच नाही! ती जाते कृषी प्रदर्शनात. मुठीवर ट्राउट मासा नाहीतर कोली कुत्रा कोरलेला, आणि परीक्षक तो भिंगातून पाहतात. गेल्या खेपेला आजोबांचा दुसरा नंबर आला. पहिल्याबद्दल ते फक्त एवढंच म्हणाले, "मासा बरा आहे. डोळा मेलाय." हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं, चारही वेळा न विचारता.

संध्याकाळी फिरायला जाताना स्वतः रिकाम्या हातानं येतात, चालणं मात्र कुंपणाकुंपणानं. लोक सूर्यास्त बघतात, आजोबा सरळसोट हेझल. एके दिवशी दगडी भिंतीपलीकडे एक स्वेलडेल मेंढा चरत होता. वयानं थोराड, म्हणजे शिंग जाड आणि भरीव. मुलीच्या बापानं स्थळ पाहावं तसे आजोबा त्याच्याकडे बघत राहिले.

"डावं सुरेख आहे," हळूच म्हणाले. "मालकाला सांगून ठेवलंय. घाई नाही."

आणि त्यांनी खिशातून टेप काढली. मेंढा दोन पावलं मागे सरकला, तोवर आजोबांनी अंदाजे माप वहीत टिपूनही घेतलं होतं.