सेटअपवाला

सेटअपवाला म्हणजे वीसएक वर्षांपूर्वीची, आपल्या काळात चपळ गणली गेलेली सेडान रोजच्या जाण्यायेण्याला वापरणारा आणि तिच्या सस्पेन्शनचे काम कधीही पुरे झाले असे न मानणारा गृहस्थ. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी बरी, घराचे हप्ते निम्म्यावर आलेले. घाट जवळ आणि पगार नियमित, अशा गावात तो हमखास सापडतो. त्यामुळे पुण्यात तो फार. सायलेन्सर काढून गल्ली जागवणारे आणि डिकीत स्पीकर भरणारे यांच्यात त्याला कोणी मोजले तर त्याला मनापासून वाईट वाटते. त्याने केलेला बदल बाहेरून दिसत नाही, ऐकू येत नाही आणि गाडीत बसणाऱ्या बहुतेकांना कळतही नाही. कळला तर तक्रारीच्या रूपाने कळतो.

त्याच्याकडे होंडा सिटी व्हीटेक, मित्सुबिशी लान्सर किंवा सेडिया, क्वचित स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस असते. पण नमुना म्हणून फोर्ड आयकॉन 1.6 घेणे सोयीचे. 1999 मध्ये आलेली, चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरात बनणारी ही गाडी जाहिरातीत ‘जोश मशीन’ म्हणून मिरवली, आणि ती नुसती बढाई नव्हती. युरोपातल्या फिएस्टाला मागे डिकी जोडून ती तयार झाली होती, आणि ती फिएस्टा वळणावर कशी वागावी यावर रिचर्ड पॅरी-जोन्स यांच्यासारख्या कान-डोळे-बूड तिन्ही तयार असलेल्या अभियंत्याची नजर होती. वजन टनाच्या आसपास, अश्वशक्ती नव्वदीच्या थोडी पुढे. सेटअपवाला कॉलेजात होता तेव्हा ही गाडी त्याला परवडत नव्हती. परवडू लागली तेव्हा तिला विकणाराच तिच्या तावडीतून सुटू पाहत होता. सप्टेंबर 2021 मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा इतरांनी हळहळ व्यक्त केली. सेटअपवाला नाना पेठेत गेला आणि मिळतील तेवढे लोअर आर्मचे बुश घेऊन आला.

सस्पेन्शन म्हणजे काय, हे तो विचारणाऱ्याला सांगतो आणि न विचारणाऱ्यालाही. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते. शॉकअप त्या स्प्रिंगचे उड्या मारणे थांबवतो. बुश नावाचे रबरी तुकडे लोखंडाला लोखंड लागू देत नाहीत. आयकॉनला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना 1950 च्या सुमारास फोर्डच्याच युरोपातल्या गाड्यांवर रूढ झाली, हे सांगताना त्याच्या आवाजात घराण्याचा अभिमान येतो. मागे दोन्ही चाकांना जोडणारी, पीळ सोसणारी एक तुळई आहे. तिच्याविषयी तो कमी बोलतो, कारण तिच्यात फारसे काही करता येत नाही.

सगळ्याची सुरुवात आवाजाने होते. डाव्या पुढच्या चाकाशी, ताशी तीसच्या आत, खडबडीत रस्त्यावर ‘टक-टक’. सामान्य माणूस अशा वेळी रेडिओ मोठा करतो. सेटअपवाला तो बंद करतो, एसी बंद करतो, काचा खाली करतो आणि बायकोला मागच्या सीटवर बसवतो.

“आला का?”

“काय?”

“आवाज गं.”

“रिक्षाचा येतोय.”

“तो नाही. थांब, परत फिरवतो.”

तोच खड्डा चार वेळा ओलांडला की एखादा फळवाला हात करून पत्ता शोधताय का म्हणून विचारतो.

अशा आवाजाचे कारण बहुतेक वेळा साधे असते: लिंक रॉड, बॉल जॉइंट, स्ट्रटचे वरचे माउंटिंग किंवा बुश. वीस वर्षांचे रबर काढून हातात घेतले तर ते वाळलेल्या खारकेसारखे निघते. ते सगळे बदलून, कंपनीच्या मापाचे नवे शॉकअप घातले तर गाडी पुष्कळशी मुळासारखी होते, आणि खर्चही आवाक्यात राहतो. हे सेटअपवाल्याला ठाऊक असते. अडचण एवढीच की बुश काळा असतो, लपलेला असतो आणि त्याच्यावर कुठल्या जर्मन कंपनीचे नाव नसते. म्हणून तो स्प्रिंगांपासून सुरुवात करतो.

मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापून गाडी खाली बसवण्याचा प्रकार त्याच्या दृष्टीने असंस्कृतपणा आहे. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग आपोआप कडक होते, पण ती आपल्या वाटीत नीट बसत नाही, आणि कापणाऱ्याला तिच्या कडकपणाचा आकडा सांगता येत नाही. आकडा सांगता न येणे हा खरा गुन्हा. सेटअपवाल्याच्या स्प्रिंगा युरोपातल्या फिएस्टासाठी बनलेल्या, 40 मिमी कमी उंचीच्या, म्युनिकहून सुट्टीला येणाऱ्या मावसभावाच्या बॅगेतून येतात. चार स्प्रिंगांचे सात-आठ किलो वजन भरल्यावर मावशीसाठी घेतलेली चॉकलेटे आणि एक स्वेटर मागे राहतो. मावशीला त्याचे कारण पुढे कितीतरी दिवस सांगितले जात नाही.

स्प्रिंग कडक केल्याने काय होते, याचा हिशोब त्याने कागदावर केलेला असतो. पुढच्या एका चाकावर साधारण 270 किलो भार आणि स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला 20 न्यूटन धरला, तर गाडीचे नाक सेकंदाला सुमारे 1.4 वेळा वरखाली होते. घरगुती गाड्या साधारण एक ते दीड या पट्ट्यात असतात, खेळकर गाड्या त्याच्या वर. स्प्रिंग 30 टक्के कडक केली तरी हा आकडा फक्त 14 टक्क्यांनी वाढतो, कारण मध्ये वर्गमूळ येते. त्या वर्गमुळाच्या आधारावर तो घरी आश्वासन देतो की काही जाणवणार नाही.

काम भोसरीच्या एका गॅरेजमध्ये होते. तिथला मिस्त्री, ज्याला सगळे अण्णा म्हणतात, तीस वर्षे गाड्यांखाली झोपलेला माणूस आहे. सेटअपवाल्याला स्टूल दिले जाते, पण तो बसत नाही. स्प्रिंग काँप्रेसरमध्ये आवळताना तो लांब उभा राहतो, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर काय होते हे त्याने वाचले आहे. बाकी सगळा वेळ तो वाकलेला असतो. खरा प्रसंग लोअर आर्मचा बोल्ट आवळताना येतो. अण्णा गाडी लिफ्टवर असतानाच पाना लावतात.

“अण्णा, असं नाही. चाकं जमिनीवर टेकल्यावर आवळायचा.”

“साहेब, खाली आल्यावर पाना कुठं घालू? माझ्या डोक्यात?”

या मुद्द्यात सेटअपवाला बरोबर असतो. चाके लोंबकळत असताना बुश आवळला तर रबर त्याच स्थितीत पकडले जाते. गाडी खाली उतरली की ते कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. शेवटी चाकांखाली लाकडी ठोकळे देऊन, भार टाकून, मग बोल्ट आवळला जातो. अण्णा हे करतात, आणि त्या दिवसानंतर दुसऱ्या गाड्यांनाही तसेच करतात, पण ते सेटअपवाल्याच्या कानावर जाऊ देत नाहीत.

गाडी बाहेर पडते आणि पहिला गतिरोधक येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंमी उंच, 3.7 मीटर रुंद आणि ताशी 25 किमी वेगाने ओलांडता यावा असा हवा. सोसायटीच्या दारातला गतिरोधक कुठल्या तरी दुपारी उरलेल्या सिमेंटचा झालेला असतो; उंची मानकापेक्षा जास्त, रुंदी पायरीइतकी. पूर्वी आयकॉन तो मुकाट्याने ओलांडायची. आता ती तिरकी घालावी लागते, एकेक चाक चढवत, आणि तेवढ्यात मागे तीन स्कूटर, एक पाण्याचा टँकर आणि शाळेची बस जमा होते. सेटअपवाला स्टिअरिंगवर छाती टेकवून बॉनेटपलीकडे बघत असतो. आई मागून म्हणते, “अरे, मी उतरते इथेच, चालत येते.”

कागदावरच्या हिशोबात दोन गोष्टी राहून गेलेल्या असतात. पहिली अशी की अशा गाडीच्या चाकाला वर दबायला साधारण 70-80 मिमी जागा असते. त्यातले 40 गाडी उभी असतानाच संपले, तर उरलेल्या जागेनंतर चाक बम्प स्टॉपच्या रबरावर आदळते, आणि त्या क्षणी स्प्रिंगचा कडकपणा किती याला काही अर्थ उरत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात हा क्षण फार वेळा येतो. दुसरी जास्त बोचरी. मॅकफर्सन रचनेत गाडी खाली केली की लोअर आर्म चाकाकडे वर कलतो, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. त्यामुळे स्प्रिंग कडक करून मिळवलेला फायदा वळणावर बराचसा परत जातो. म्हणजे गाडी दिसते शर्यतीची आणि कलते जवळजवळ पूर्वीइतकीच. हे त्याला रात्री दीड वाजता, सगळे झोपल्यावर कळते.

जुन्या शॉकअपवर नव्या कडक स्प्रिंगा घातल्याचे प्रायश्चित्त वेगळेच. थकलेल्या शॉकअपला जास्त ताकदीची स्प्रिंग आवरत नाही. द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटच्या जोडांवर गाडी लोणावळा येईपर्यंत मान डोलावत राहते. मग पिवळे गॅसचे शॉकअप शोधले जातात. एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू वेगळे ठेवणारा शॉकअप बिल्स्टाइनने 1957 मध्ये मर्सिडीजसाठी मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला, त्यात तेल फेसाळत नाही आणि तापले तरी पकड सोडत नाही, हे सगळे खरे आहे. त्या चार शॉकअपची किंमत अख्ख्या आयकॉनला मिळणाऱ्या किमतीच्या जवळपास जाते, हेही खरे आहे. घरी यातला पहिला भाग सांगितला जातो.

मधल्या काळात तो उपाय करतो. गतिरोधकाला गाडी खाली लागू नये म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर बसवतो. जर्मनीहून आणलेल्या स्प्रिंगांनी खाली केलेली गाडी टपरीवजा दुकानातल्या रबराने पुन्हा वर येते. पण बफर ठेवलेला वेढा काम करेनासा होतो आणि स्प्रिंग आणखी कडक होते. या अवस्थेत त्याचा मुलगा शाळेला रिक्षाने जाऊ लागतो. अलायनमेंटच्या दुकानात मशीनचा पडदा लाल आकडे दाखवतो. सेटअपवाला कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलून मागतो, दुकानातला पोरगा सांगतो, “सर, यात टो तेवढा सेट होतो. बाकीचं आहे तसंच राहतं.” टो, म्हणजे चाकांची समोरची दिशा, सरळ करून घेतला नाही तर टायर आतल्या कडेने चाटून निघतात, म्हणून तेवढे तरी तो मनासारखे करून घेतो, मशीनचा कागद छापून घेतो आणि डॅशबोर्डमध्ये ठेवतो. आधीचेही कागद तिथेच असतात.

कालांतराने, कुणी हरवले असे वाटू न देता, तो माघार घेतो. मूळ उंचीच्या, किंचित कडक स्प्रिंगा. चांगल्या देशी कंपनीचे नवे शॉकअप. पुढचा अँटी-रोल बार शाबूत, त्याचे रबर नवे. सगळे बुश, माउंटिंग, बॉल जॉइंट नवे. मोठे अलॉय काढून कारखान्याच्या मापाची चाके, कारण जड चाक खड्ड्यातून वर आले की त्याला आवरणे शॉकअपला अवघड जाते. एका रविवारी पहाटे तो ताम्हिणीला जातो. मुळशीच्या पाण्याच्या कडेने जाणाऱ्या वळणांवर गाडी एकदा कलते, टेकते आणि मग तशीच राहते. मधला खड्डा तिला बाजूला ढकलत नाही. परत येऊन तो मित्रांना सांगतो की सेटअप आता जमला. ही गाडी 1999 मध्ये शोरूममधून निघाली तेव्हा याच्या फार जवळ होती, असे कुणी म्हटले तर तो स्प्रिंगमधला तो किंचित फरक किती टक्के आहे ते सांगतो.

काढलेले काहीही तो विकत नाही. जर्मन स्प्रिंगा प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर जातात, गणपतीच्या मखराशेजारी. बफर टाकून दिले, असे तो सांगतो.

शेवटी आरटीओ येते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपापासून दूर जाणारे बदल चालत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केले. सेटअपवाला महिनाभर आधीपासून अस्वस्थ असतो. प्रत्येक सुट्या भागाचे बिल तारखेनुसार फाइलमध्ये लावलेले असते, कंपनीच्या मापाला पिवळी खूण केलेली असते. निरीक्षक येतो, दिवे लावायला सांगतो, हॉर्न वाजवायला सांगतो, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीची छाप घेतो, पीयूसी बघतो आणि सही करतो.

“साहेब, खालून बघून घेता का एकदा? सगळे बुश नवे आहेत,” सेटअपवाला म्हणतो. निरीक्षक त्याच्याकडे बघतो आणि पुढच्या गाडीचे कागद मागतो.