जंगलालाही मानधन हवं

जंगलातला चित्रपट पाहून बाहेर पडलं की आम्हा रसिकांना एक मत नोंदवावंच लागतं : ‘यात जंगल हेच एक पात्र आहे.’ ‘न्यूटन’ (२०१७) पाहूनही आम्ही ते आदरपूर्वक नोंदवलं. दंडकारण्यातल्या ७६ मतदारांची ती गोष्ट दल्ली राजहराच्या लोहखाणींच्या परिसरात चित्रित झाली आणि ऑस्करसाठी भारतातर्फे गेली. हेमलकशावरच्या ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’तही (२०१४) नाना पाटेकरांच्या पाठीशी जंगलच होतं.

आता पात्र म्हटलं की मानधन आलं, करार आला, नामावलीत नाव आलं. तेव्हा दंडकारण्यातल्याच एटापल्लीच्या जंगलाने रीतसर अर्ज करावा. पात्रता भरपूर आहे : देखणा चेहरा, रंगभूषेचा खर्च शून्य, संवाद मागण्याची सवय नाही, आणि कथेत काय घडणार हे त्याला विचारण्याची वा सांगण्याची प्रथाही नाही.

अडचण एकच. याच जंगलातला सुरजागडचा डोंगर सध्या लोहखाणीच्या दीर्घ मुदतीच्या भूमिकेत गुंतला आहे. भूमिकेची गरज म्हणून तो वजनही उतरवतो आहे, रोज, ट्रकाट्रकाने. इतकी निष्ठा आमच्या एकाही नायकात नाही.

इच्छुक निर्मात्यांनी तारखा त्वरित घ्याव्यात.