तंबूवीर

पवनेच्या काठचा तंबू नोंदवला की प्रस्तुत लेखकाच्या अंगात कोण संचारतं, हे त्याच्या पत्नीलाच विचारावं. एरवी पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्टची वाट पाहणारा हा शुक्रवार पेठेतला गृहस्थ शनिवारी सकाळी पाठीला सॅक, कपाळाला विजेरी आणि मनगटाला होकायंत्र बांधून मंडईत भाजी आणायला निघतो. भर उजेडात कपाळावर दिवा कशाला, असं तिथे कुणी विचारत नाही. कुणाला वेळच नसतो. लेखकाला मात्र अख्खी मंडई आपल्याकडे बघते आहे असं वाटतं, आणि ते त्याला आवडतं.

"मावशी, ढोबळी मिरची द्या. लाल, पिवळी, हिरवी. कॅम्पिंगला चाललोय." शेवटचं वाक्य शेजारच्या गाळ्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने.

"भाजायचीय ना? मग ती कशाला? चव ना ढव. वांगं न्या."

मावशींनी सारख्याच आकाराची दोन वांगी दोन हातांत तोलली. जड होतं ते टोपलीत परत टाकलं, हलकं त्याच्या हाती दिलं. जड वांग्यात बिया फार. निखाऱ्यावर ठेवण्याआधी सुरीने टोचे मारा, नाहीतर फुटेल, हेही बजावलं. मग होकायंत्राकडे बघून म्हणाल्या, "घड्याळ बंद पडलंय वाटतं तुमचं."

खरं तर लेखकाला तंबू नकोच होता. चाकांवरचं घर हवं होतं. ह्यूस्टनचा त्याचा भाचा सहकुटुंब आरव्ही घेऊन शेजारच्या लुइझियानात जातो, तिथल्या बायूंच्या प्रदेशात. संथ, गढूळ पाणी, त्यात उभे सायप्रस वृक्ष, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा, आणि पाण्यात अ‍ॅलिगेटर. मुक्कामाच्या जागी मात्र विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची जोडणी तयार. भाच्याने पाठवलेल्या फोटोत मुलं गाडीत बसून कार्टून बघत होती. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. बातमी वाचून लेखकाने कॅरॅव्हॅन घ्यायचीच, असं जेवताना जाहीर केलं. पत्नीने आमटी वाढत एवढंच विचारलं, "अहो, लावणार कुठे?" ज्या गल्लीत स्कूटर लावण्यावरून दोन पिढ्यांचं वैर चालतं, तिथे हा प्रश्न म्हणजे निकालच होता.

तेव्हा पवना. समोर पाणी, भोवती तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर. तंबू स्वतः उभारायचा म्हणून लेखक गाठींचे व्हिडिओ बघून आलेला. पण तंबू उभाच होता, आत गादी, उशी आणि मोबाइल चार्ज करायला बोर्ड. चहा-भजी पाचला, शेकोटी आठला, सकाळी पोहे. शौर्याला वावच ठेवलेला नव्हता.

तंबूचा विषय निघालाच आहे, तर वारीबद्दल बोलल्याशिवाय लेखकाला राहवत नाही. घरचे या वेळी उठून जातात. वाचकांनीही हवं तर जावं. एका आषाढात तो ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडच्या तळावर पोचला, तेव्हा दिंडीचा ट्रक आधीच येऊन थांबलेला होता. ताडपत्र्या, राहुट्या, पातेली, शिधा, गॅसच्या शेगड्या, सगळं त्यातून उतरत होतं. सत्तरीच्या एक आजी लोखंडी मेख राहुटीपासून बाहेर झुकवून तिरकी ठोकत होत्या. दोर ताणला की तीच पक्की बसते. लेखक मदतीला पुढे सरसावला. आजी म्हणाल्या, "तुम्ही बसा माऊली, दमलाय." दमले होते ते दोघं, बसला तो एकटा.

या साऱ्यामागे फौजेची शिस्त आहे, आणि ती उगाच नाही. पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा आरफळकर शिंदे सरकारांच्या पदरी होते. माऊलींचा घोडा आणि तंबू आजही अंकलीच्या शितोळे सरकारांचा असतो. रात्री तळावर समाज आरती होते. चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिचं गाऱ्हाणं ऐकतात. हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो, उद्या निघायची वेळ सांगितली जाते, आरती होते, माणसं झोपतात. पहाटे सगळं गुंडाळून पुढच्या मुक्कामाला. लाखो माणसांचा हा संसार असा रोज मोडतो आणि रोज मांडला जातो.

पवनेला चोपदार नाहीत. शेजारच्या तंबूसमूहाने रात्री उशिरापर्यंत स्पीकर चालवला, मग पलीकडच्याने त्याच्यावर आवाज चढवला. पाण्यावरून आवाज लांबवर जातो, त्यामुळे काठच्या गावांनाही तो ऐकावाच लागतो. लेखकाने तक्रार म्हणून टाळ वाजवायचा विचार केला, पण आणला होता तो अकरा पाती असलेला चाकू. त्यातलं एकच पातं कामी आलं, वांग्याला टोचे मारायला. भरीत मात्र झकास झालं. रंगीत मिरच्या तशाच उरल्या.

ते भरीत तंबूवाल्या पोरासोबत खाताना लेखकाने, गप्पा मारायच्या म्हणून, त्याला गाव विचारलं. त्याने पाण्याकडे हात केला. आजोबांचं शेत तिकडे होतं, म्हणाला. होकायंत्राने जी दिशा लेखकाने मघाशी मुलांना 'ईशान्य' म्हणून शिकवली होती, तीच.

सत्तरच्या दशकात पवना धरण झालं. त्याचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. जमीन गेलेल्यांपैकी अनेकांचं पुनर्वसन पन्नास वर्षं उलटली तरी रखडलेलं आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी याच पाण्याच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या मावळातल्या शेतकऱ्यांवर द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला, तिघं गेले. कॅम्पिंगच्या जाहिरातीत हे येण्याचं कारण नाही. लेखकाच्या आधीच्या लेखांतही आलं नव्हतं. त्यांत सूर्यास्त पुष्कळ होते.

जायचंच असेल तर वाचकांनी उन्हाळ्यात जावं. पाणी उतरतं आणि एरवी धरणात बुडालेलं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर उघडं पडतं. दुपारी तंबूत बसवत नाही, तेव्हा देवळापर्यंत चालत जायला वेळ भरपूर असतो. स्पीकर घरी ठेवा.