रिकामी म्हणजे किती रिकामी?

पेट्रोलच्या काट्याला पेट्रोल कधी दिसतच नाही. टाकीत एक पोकळ डबी तरंगत असते. तिला जोडलेला दांडा वरखाली होतो, दांड्याचं टोक बारीक तारेच्या वेटोळ्यावर घासत सरकतं, विजेला होणारा अडथळा त्याप्रमाणे कमीजास्त होतो आणि त्यावरून पुढे डॅशबोर्डवर बसलेला काटा आपलं मत बनवतो. चार तोंडं फिरून आलेल्या बातमीवर आपण एरवी किती विश्वास ठेवतो? इथे मात्र त्या भरवशावर घाट चढतो.

स्पोर्ट्‌स कारची गोष्ट आणखी अवघड. गाडी बुटकी, म्हणून टाकी चपटी. डबीला वरखाली व्हायला जेमतेम वीतभर जागा. त्यात अशी गाडी घेणारा माणूस वळणं शोधत हिंडणारा. वळणावर सगळं पेट्रोल टाकीच्या एका कुशीला जाणार. काटा आज्ञाधारक असता तर नाचून नाचून थकला असता. म्हणून साठ-सत्तरच्या दशकांतल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत तो मुद्दाम आळशी केलेला आहे. आत दोन धातूंची एक पट्टी, तिच्याभोवती तार. तार तापली की पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. किल्ली फिरवल्यावर तो असा सावकाश उठतो, की तेवढ्यात सीट मागेपुढे करून, आरसा पुसून होतो. या काट्याला लागणारी वीज एका छोट्या पत्र्याच्या डबीतून येते. ती चालू-बंद, चालू-बंद करत सरासरी १० व्होल्ट पुढे पाठवते. सरासरी, बरं का. म्हणजे बातमी तर ऐकीव होतीच, ऐकणाराही अंदाजपंचे.

आमचे दाजी कॉव्हेंट्रीला असतात. मोटारींच्या गावात टूलरूममध्ये आयुष्य गेलं, निवृत्तीनंतर त्यांनी १९७२ सालची एक उघड्या टपाची गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. पन्नाशी उलटलेल्या गाडीची गाऱ्हाणी चव्हाट्यावर मांडणं बरं नव्हे. सीटा दोन, ताईच्या मते दीड. या गाडीचा काटा टाकी काठोकाठ भरली तरी पाऊणच्या वर जात नसे. दाजींना त्याचं काही नव्हतं. त्यांचं कोष्टक पाठ होतं: पाऊण म्हणजे फुल, अर्धा म्हणजे पाऊण, पाव म्हणजे अर्धा, आता गाडी पंपावर घ्या. ताई शेजारी बसून काटा बघायची आणि दाजी काट्यात व्याज मिळवून गाडी हाकायचे.

कुणी काही बोललंच तर त्यांचा एक ठरलेला दाखला होता. २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं कोरं करकरीत बोइंग ७६७, इंधनाचे काटे बंद. हरकत नाही म्हणून टाकीतलं इंधन पट्टीने मोजलं, लिटरही बरोबर आले. पण कॅनडा तेव्हा नुकता मेट्रिक होत होता. लिटरचे किलो करायला ०.८ ने गुणायचं, ते गुणले जुन्या सवयीच्या १.७७ ने, म्हणजे झाले पौंड. हवे होते २२,३०० किलो. निघाले २२,३०० पौंड घेऊन. ४१,००० फुटांवर इंजिनं बंद पडली. कॅप्टन पिअरसन यांना ग्लायडर उडवायची हौस होती म्हणून निभावलं. त्यांनी ते धूड गिम्ली नावाच्या गावी, बंद पडलेल्या लष्करी धावपट्टीवर उतरवलं. त्या धावपट्टीचा झाला होता शर्यतीचा रस्ता, आणि त्या दिवशी तिथे विनिपेगच्या स्पोर्ट्‌स कार क्लबची मंडळी बायकापोरांसह जमलेली. कुणी दगावलं नाही. विमानाच्या नाकातून धूर निघाला तो क्लबवाल्यांनीच आपली अग्निशामकं आणून विझवला. "बघ," दाजी म्हणायचे, "शेवटी उपयोगाला कोण आले? स्पोर्ट्‌स कारवाले." काट्याचा मुद्दा यात कुठे गेला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात मी तिकडे असताना भाच्याने मनावर घेतलं. तपासणी सोपी असते. टाकीवरची तार काढली, काटा शून्यावर गेला. तीच तार क्षणभर गाडीच्या उघड्या लोखंडाला टेकवली, काटा आळोखेपिळोखे देत फुलवर पोचला. (फार वेळ टेकवू नये, काटा जळतो.) म्हणजे पुढचं सगळं धडधाकट. पत्र्याची डबी बिघडली असती तर तिच्याच विजेवर चालणारा इंजिनाच्या तापमानाचा काटाही बरोबरीने खोटं बोलला असता; दोघांनी एकाच वेळी बढाया मारल्या की समजावं, चूक त्यांची नाही. आमचा चोर टाकीत होता.

टाकी रिकामी केली, बॅटरी सोडवली, पितळी पंचाने टकटक करत कडं फिरवलं. इथे लोखंडावर लोखंड मारायचं नाही, ठिणगी उडते. दांडा बाहेर आला. टोकाला पितळी डबी, चहाच्या कपात मावेल एवढी. दाजींनी ती कानाशी नेऊन हलवली. आत खुळखुळ. डबीला कुठेतरी सुईच्या अग्राएवढं भोक पडलेलं, आणि ती वर्षानुवर्षं घोट घोट पेट्रोल पीत जड होऊन बुडत चाललेली. कुंपणच शेत खात होतं.

भोक शोधायला डबी गरम पाण्यात बुडवतात. बुडबुडे येतात तिथे भोक. भाच्याने त्यासाठी ताईचं खिरीचं पातेलं उचललं. पुढचा संवाद गाळतो. पातेलं अंगणात, विस्तवापासून लांब ठेवलं आणि शिवणीजवळून बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊ लागली, तेव्हा ताईही रागावलेली राहून बघायला आली. जुनी डबी डागण्यात अर्थ नव्हता, आत पेट्रोलची वाफ असली तर भडका उडायचा. नवी मागवली. तारेचं वेटोळं मात्र मधोमध झिजून चकाकत होतं, दोन्ही टोकांना जसंच्या तसं. दाजींनी गाडी सहसा पुरती भरली नाही आणि कधी पुरती संपवली नाही, याचा असा लेखी पुरावा.

तारेला झीज, चांदीला गंधक. २००४ साली अमेरिकेत फ्लोरिडा-लुइझियानाकडे पेट्रोलात गंधक जास्त झालं आणि कितीतरी धडधाकट गाड्यांचे काटे वेडे झाले, कारण टाकीतले संपर्कबिंदू चांदीचे होते. देवघरातली निरांजनं काळी पडतात, तोच प्रकार. त्यापेक्षा सुरुवातीच्या पोर्श ३५६ बऱ्या. त्यांना काटाच नव्हता. लाकडी पट्टी टाकीत बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. आपल्या स्कूटरला तर पट्टीही नसे. गाडी हलवून कानाने मोजायचं आणि आचके देऊ लागली की कळ रिझर्व्हवर फिरवायची.

नवी डबी बसली. मग एकेक गॅलन ओतत, दर वेळी काटा स्थिरावेपर्यंत थांबत, भाच्याने काचेवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. सगळं बरोबर आलं. अर्धा म्हणजे अर्धा, फुल म्हणजे फुल. दाजी दोन दिवस गाडी घेऊन बाहेरच पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पुन्हा टाकी उघडलेली, आणि दाजी पकडीने तो दांडा किंचित वाकवताहेत.

"अहो, आता काय बिघडलं?" ताईने खिडकीतून विचारलं.

"काही नाही. शून्यावर आला तरी टाकीत गॅलनभर राहील असं करतोय. कंपन्याही तसंच करतात."

"आणि हे मला कशाला सांगितलंत?"

दाजींनी पकड खाली ठेवली. "खरंच की," म्हणाले, आणि दांडा आणखी थोडा वाकवला. किती, ते काही त्यांनी सांगितलं नाही.