लंका पेटली त्या आठवड्यात

आमच्या आजीला इसवी सन मान्य नव्हता. शालिवाहन शकही नव्हता. 1973 साली कालनिर्णय निघालं तेव्हापासून ते आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं असायचं, पण साळगावकरांनी तारखांचे चौकोन एवढे ऐसपैस ठेवले ते गवळ्याचा हिशेब लिहायला, अशी तिची पक्की समजूत होती. साल सांगायची वेळ आली की ती त्या कॅलेंडरकडे ढुंकूनही बघत नसे. छताकडे बघायची, ओठ हलवायची आणि म्हणायची, "थांब हं. तेव्हा मोरीची फरशी बदलली होती."

स्वतःच्या जन्माचंही तेच. "मानमोडीची साथ येऊन गेली, मग मी झाले. टिळक गेले तेव्हा चार महिन्यांची होते." मानमोडी 1918 ची, टिळक गेले 1 ऑगस्ट 1920 ला, म्हणजे हिशेब चोख बसतो. पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी 1 जून लिहून टाकला. तिच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस मास्तरांच्या सोयीने 1 जूनला येतो. पुढे एसटीत ज्येष्ठांना अर्धं तिकीट मिळू लागल्यावर एकदा स्वारगेटला साताऱ्याच्या गाडीत कंडक्टरने वय विचारलं. आजीने मानमोडीपासून सुरुवात केली. टिळकांपर्यंत आली तेव्हा मागची माणसं चुळबुळायला लागली होती. कंडक्टर बिचारा हात जोडून म्हणाला, "आजी, टिळकांचं राहू द्या, कार्ड आहे का?" कार्ड होतं. पण त्यावरची तारीख खोटी आहे हेही तिने त्याला बजावून सांगितलं. आम्ही खिडकीबाहेर बघत बसलो.

तिचं खरं पंचांग 1955 पासून नीट लागतं. त्या वर्षी रामनवमीला, 1 एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. माडगूळकरांचे शब्द, बाबूजींची चाल, दर आठवड्याला एक नवं गाणं, एकूण 56. वाड्यात रेडिओ एकट्या मालकांकडे. बायका आधी त्या रेडिओला हळदकुंकू वाहायच्या आणि मग ऐकायला बसायच्या. आजी उंबऱ्याशी निवडायचं ताट मांडीवर घेऊन बसे. त्यामुळे त्या वर्षातली घरातली यच्चयावत घटना तिने रामायणाला बांधून ठेवली होती. "लंका पेटली त्या आठवड्यात तुझ्या काकाला मुदतीचा ताप भरला. सेतू बांधून झाला तरी उतरेना." काकाला स्वतःला त्या तापाचं काही आठवत नाही. पण आजही गाणं लागलं आणि मारुतीने लंका पेटवली की तो नकळत कपाळाला हात लावून बघतो.

कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 ला पहाटे झाला. पुण्यातही भांडी खणखणली, माणसं होती तशी अंगणात धावली. आजोबा पंचा सावरत मोजदाद करू लागले तर एक माणूस कमी. आजी आत होती. हाका मारमारून सगळे घायकुतीला आल्यावर ती पातेलं दोन्ही हातांत धरून बाहेर आली. कोयनेच्या भूकंपाबद्दल तिचं निवेदन एका वाक्याचं आहे आणि ते तिने शेवटपर्यंत बदललं नाही: "विरजण हललं मेलं, थंडीचं आता दही कसलं लागतंय!" धाकटी आत्या तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली होती. तिच्या कळा त्याच सकाळी सुरू झाल्या. झालेली मुलगी भलतीच तापट निघाली, त्याचं खापर आमच्या घरात अजूनही कोयनेवर फुटतं.

आणीबाणीबद्दल मी तिला एकदा मुद्दाम विचारलं. शाळेच्या प्रकल्पासाठी 'घरातल्या मोठ्यांच्या आठवणी' लिहून न्यायच्या होत्या. तिने बराच वेळ विचार केला. मग चेहरा उजळला. "हां हां, आजोबांची कवळी हरवली ते वर्ष!" प्रकल्पात मी कवळी लिहिली नाही. लिहायला हवी होती.

बहात्तरचा दुष्काळ म्हणजे तिच्या लेखी 'मिलोच्या वर्षी'. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी रेशनवर मिळायची. भाकरी थापताना कडा फाटायच्या, भाजल्यावर रंग असा की ताटात वाढणाऱ्यालाही संकोच वाटावा. माणदेशातला तिचा भाचा त्या वर्षी कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आला. गावी विहिरी कोरड्या, वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला. घरात गहू बेताचा. पोरांच्या पानात पोळ्या पडत आणि आजी मागाहून मिलोची भाकरी घेऊन बसे. भाच्याने विचारलंच, तर म्हणाली, "मला आवडते." मिलोची भाकरी आवडणारी बाई त्या साली अख्ख्या महाराष्ट्रात ही एकच असावी. भाचा ते खरं मानून चालला. पुढे नोकरी लागल्यावर कुठूनशी लाल ज्वारी मिळवून त्याने तिला किलोभर आणून दिली. आजीने त्याच्यासमोर भाकरी करून, "वा!" म्हणत खाल्ली. उरलेलं पीठ गाईला गेलं, आणि मला वाटतं गाईनेही तोंड फिरवलं.

पण तिच्या पंचांगातला सगळ्यात मोठा खुंटा पानशेतचा. 12 जुलै 1961, बुधवार. अमावस्या होती, हे आजी आवर्जून सांगायची, म्हणजे धरणाच्या बांधकामाचा दोष निम्म्याने कमी व्हायचा. सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. लकडी पुलावरून पाणी गेलं. नदीकाठच्या पेठांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी वर पळाली. आमचा वाडा सदाशिव पेठेत जरा उंचावर, तिथवर पाणी आलं नाही, माणसं आली. ओळखीची, ओळखीच्यांची, आणि मग कोणाचीच नाहीत अशी. खडकवासलाच गेल्यामुळे नळ कोरडे. वाड्यातल्या ज्या विहिरीत वर्षानुवर्षं फक्त गणपती विसर्जन व्हायचं ती पुन्हा मानाला चढली. माजघरात, जिन्याखाली, गच्चीच्या खोलीत माणसं. दोन्ही वेळा पिठलं-भात. "किती जण होते?" असं विचारलं की आजी आकडा सांगत नसे. कोण कुठे झोपलं होतं ते सांगायची.

त्यात नारायण पेठेतली एक बाई होती. पाचवा महिना लागलेला, लुगडं चिखलाने जड झालेलं, हातात दळणाचा डबा. घरातून निघताना जे हाताला लागलं ते उचललं, तर तो डबा निघाला. आत भिजलेले गहू. तो डबा ती कोणाला हात लावू देईना. आजीने स्वतःचं निळ्या काठाचं पातळ काढून तिला नेसवलं, केस पुसले आणि म्हणाली, "आण इकडे, ते गहू आपण चिकाला घालू." भिजलेच आहेत तर कुरडया करू! बाहेर पाऊस कोसळत होता, वाळवणाचा दूरदूर संबंध नव्हता. पण ते ऐकून ती बाई हसली, आणि मग पहिल्यांदा रडली. चौथ्या दिवशी तिचे यजमान शोधत आले. घाईत ती पातळासकट गेली. पत्ता द्यायला तिला पत्ताच उरला नव्हता.

पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर उभं राहिलं, आणखीही वसाहती झाल्या. तिकडे कोणी जाणारं भेटलं की आजी चौकशी करायची. नाव विचारायचं राहून गेलं होतं, त्यामुळे चौकशी म्हणजे, "दळणाचा डबा होता बघ तिच्याकडे." उत्तर कुठून येणार? पण आजीच्या पंचांगात त्या न पाहिलेल्या मुलाचं वय बिनचूक वाढत राहिलं. दर दिवाळीला फराळाच्या गडबडीत ती मध्येच थांबायची. "पुराचं बाळ आता शाळेत जायला लागलं असेल." "पुराचं बाळ यंदा दहावीला बसेल." घरातल्या नातवंडांच्या इयत्ता ती बिनदिक्कत चुकवायची, माझी तर हमखास. ह्याची कधी चुकली नाही. एका दिवाळीला तिने परस्पर त्याचं लग्नही उरकून टाकलं, आणि आईने विचारलं, "मुलगा की मुलगी, ते तरी ठाऊक आहे का?" तर चिरोटे तळता तळता म्हणाली, "कोणी का असेना, वेळेवर झालेलं बरं."

आजी 2001 मध्ये गेली. त्यानंतर आमच्या घरात साल ठरवायचं झालं की वाद होतात. गच्ची कधी गळायला लागली, धाकट्या काकांची मुंज कुठल्या वर्षी, एकमत नाही. सगळ्यांकडे मोबाइल आहेत, त्यांत तारखा आहेत, पण मोरीची फरशी कोणालाच आठवत नाही.

पानशेतच्या पुरानंतर, 1961 च्या अखेरीस जन्मलेलं, ज्याची आई दळणाचा डबा घेऊन नारायण पेठेतून निघाली होती असं कोणी हे वाचत असेल, तर कृपा करून कळवा. आता तुम्ही साठी ओलांडली असेल. निळ्या काठाच्या पातळाची काळजी करू नका, ते परत नकोच होतं. फक्त मुलगा की मुलगी, तेवढं सांगा.