आपल्याकडचं

अण्णामामा कोणतीही नवी चव घेतात ती एकाच हेतूने: ती आपल्याकडे आधीपासून होती हे सिद्ध करायला.

मामींसह ऑस्लोला आमच्याकडे आले, त्याच्या दुसऱ्या सकाळीच त्यांनी फ्रीजमधून ब्रूनोस्ट चीजची तपकिरी वडी शोधून काढली. आधी चौकशी. दूध कुणाचं? गायीचं आणि शेळीचं. अंडं? नाही. "मग द्या." दूध फाडायला पूर्वापार वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात आणि चीज काढल्यावर उरलेल्या पाण्याचाच ब्रूनोस्ट होतो, हे मी गिळून टाकलं. मामांचा शाकाहार अंड्यापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो.

चीजच्या सुरीने पातळ काप काढला. ती सुरी १९२५ साली नॉर्वेतल्याच एका सुताराने पेटंट केली; रंध्यावरून सुचली म्हणे. मामांनी काप उजेडात धरला, हुंगला, जिभेवर ठेवून डोळे मिटले.

"बेरी!"

"मामा, हे नॉर्वेचं..."

"लोणी कढवल्यावर तळाशी राहते ती बेरी. साखर घालून. तुझी आजी द्यायची."

मी नेटाने सांगू लागलो: चीजचं उरलेलं पाणी तासन् तास आटवतात, दुधातली साखर हळूहळू तपकिरी होते, १८६३ च्या सुमारास आन्ने होव नावाच्या बाईने त्यात साय घातली.

"म्हणजे आटवणं आलं, साय आली. राहिलं काय?"

शेवटचा उपाय म्हणून २०१३ ची गोष्ट काढली. उत्तर नॉर्वेतल्या एका बोगद्यात सत्तावीस टन ब्रूनोस्ट नेणारा ट्रक पेटला आणि आग कित्येक दिवस विझेना.

मामा हळहळले. "आच मंद ठेवायला हवी होती."

मग बायकोने गामालोस्ट हे दुसरं चीज पुढे केलं. मलई काढलेलं दूध आंबवून, बुरशी चढवून केलेलं. रेनेटचा थेंबही नाही, म्हणजे मामांच्या सोवळ्यात बसणारं खरं हेच. पण डबा उघडताच मामी उठून खिडकी उघडून आल्या. मामांनी माघार घेतली नाही. तुकडा तोंडात टाकला, चावला, थांबले. बराच वेळ काही बोलेनात. आजी, आत्या, कोल्हापूरची काकू, सगळ्यांची स्वयंपाकघरं मनात धुंडाळून झाली असावीत.

"हे," अखेर पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाले, "तुझ्या मामीच्या माहेरी करतात."

मामींनी खिडकी लावली आणि मोठा तुकडा उचलला.